ग्रेस हॉपर : तुकडे जोडणारी ॲडमिरल

सोर्सवरून सॉफ्टवेअर कंपाइल करणं म्हणजे काय असतं, हे आपल्या कॉलेजात ज्याने एकदा तरी केलंय त्याला वेगळं सांगायला नको. टारबॉल सोडवायचा, ‘कॉन्फिगर’ चालवायचं, मग ‘मेक’ म्हणायचं आणि चहाला जायचं. परत येईपर्यंत स्क्रीनवरून शेकडो ओळी वर सरकलेल्या असतात. सगळ्या फाइली एकामागोमाग एक कंपाइल झालेल्या. आणि अगदी शेवटच्या पायरीवर घोडं अडतं! लिंकर सांगतो, अमुक फंक्शन सापडत नाही. किंवा त्याहून वाईट, सापडलंय पण ते दुसऱ्याच व्हर्जनचं आहे.

गंमत अशी की यात आपल्या कोडचा दोष बहुतेक वेळा नसतो. लायब्ररी लिहिणाऱ्याचाही नसतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. लग्नात नाही का, मुलाकडचे चांगले, मुलीकडचेही चांगले, पण याद्या करायला एकत्र बसले की वाजतं. भांडण असतं ते जोडणीच्या जागी.

मराठीत कंपाइलरला ‘संकलक’ असा शब्द आहे. आपल्यापैकी कोणीही तो ऐकला तर म्हणेल की हा शब्द चुकलाय. कंपाइलर तर सी भाषेचं मशीनच्या भाषेत भाषांतर करतो, मग अनुवादक म्हणा की! संकलन म्हणजे इकडून तिकडून गोळा करून एकत्र बांधणं. पण ज्या बाईंनी जगात पहिल्यांदा आपल्या प्रोग्रामला ‘कंपाइलर’ हे नाव दिलं, त्यांचा प्रोग्राम खरोखर हेच करत होता. भाषांतर कमी आणि गोळा करून जोडणं जास्त. त्या बाई म्हणजे ग्रेस हॉपर. टेक्स्टबुकात त्यांच्याबद्दल एक चौकट असते, त्यात एक किडा आणि कोबोल एवढंच असतं. मला वाटतं, सोर्सवरून कंपाइल करताना वैतागलेल्या माणसाने त्यांचं उरलेलं आयुष्यही वाचायला हवं.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्क शहरातला. माहेरचं नाव ग्रेस ब्रूस्टर मरे. तीन भावंडांत सगळ्यात मोठ्या. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ आतून कसं चालतं ते पाहायला त्यांनी एक घड्याळ खोललं. ते परत जोडता येईना, म्हणून दुसरं खोललं. असं करत घरातली सात घड्याळं टेबलावर सुटी होऊन पडली. आईने फार आरडाओरडा केला नाही. यापुढे एकच घड्याळ खोलायचं, एवढाच नियम घातला. आपल्याकडे असतं तर सात घड्याळांचा हिशेब वेगळ्या पद्धतीने झाला असता!

मुलींनाही मुलग्यांइतकंच शिकवायचं, असं वडिलांचं ठाम मत होतं. पण व्हॅसर कॉलेजने पहिल्या वर्षी प्रवेशच दिला नाही. लॅटिनमध्ये मार्क कमी पडले होते. पुढच्या वर्षी मिळाला. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी, मग येल विद्यापीठ, आणि १९३४ मध्ये गणितात पीएचडी. मधे १९३० साली व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. ते पुढे १९४५ मध्ये मोडलं, पण आडनाव मात्र कायमचं राहिलं. व्हॅसरमध्येच त्या शिकवायला लागल्या आणि असोसिएट प्रोफेसर झाल्या. म्हणजे पस्तिशीला आल्या तेव्हा छान नोकरी, ठरलेलं टाइमटेबल, सगळं जागच्या जागी होतं.

मग महायुद्ध आलं. हॉपरबाईंचे पणजोबा अमेरिकन नौदलात ॲडमिरल होते, त्यामुळे नौदलातच जायचं हे त्यांच्या डोक्यात पक्कं. नौदलाचं म्हणणं वेगळं होतं. वय जास्त, आणि वजन नियमापेक्षा १५ पौंड कमी. शिवाय गणिताच्या प्राध्यापकांनी शिकवण्याचंच काम करावं अशी अपेक्षा. त्यांनी सगळ्या सवलती आणि परवानग्या मिळवल्या, आणि डिसेंबर १९४३ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, राखीव नौदलात भरती झाल्या. ट्रेनिंगमध्ये आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलींबरोबर कवायत केली आणि पहिल्या नंबराने पास झाल्या.

जहाजावर काही पाठवलं नाही. २ जुलै १९४४ रोजी त्या हार्वर्ड विद्यापीठात हजर झाल्या. तिथे हॉवर्ड एकेन नावाचे कमांडर एक मशीन चालवत होते : मार्क वन. लांबी ५१ फूट, म्हणजे एसटीच्या लाल गाडीपेक्षा लांब. वजन पाच टन. सेकंदाला तीन बेरजा, आणि एका गुणाकाराला सहा सेकंद. आज हसू येतं, पण बंदुकीच्या गोळ्यांचे आणि पाणसुरुंगांचे कोष्टक हाताने करणाऱ्यांना ते मशीन म्हणजे देवच वाटलं असणार. एकेननी स्वागत वगैरे फारसं केलं नाही. मशीन दाखवलं आणि पुढच्या गुरुवारपर्यंत आर्कटॅनचे कोइफिशियंट काढून द्या म्हणून काम सोपवलं. नंतर काही दिवसांनी सांगितलं की या मशीनचं मॅन्युअल तुम्ही लिहिणार आहात. आपण कधी पुस्तक लिहिलेलं नाही, असं बाईंनी सांगून पाहिलं. आता तुम्ही नौदलात आहात, असं उत्तर मिळालं. मग रोज पाच पानं लिहायची आणि संध्याकाळी एकेनना वाचून दाखवायची. १९४६ मध्ये छापलं गेलेलं ते मॅन्युअल ५६१ पानांचं आहे. आपल्या जर्नलबद्दल तक्रार करणाऱ्यांनी आकडा परत वाचावा.

इथेच खरी गोष्ट सुरू होते. मार्क वनला प्रोग्राम द्यायचा तो कागदी पट्टीवर भोकं पाडून. साइन, कोसाइन, वर्गमूळ असले तुकडे प्रत्येक गणितात परत परत लागायचे. म्हणून एकदा नीट चाललेला तुकडा हे लोक वहीत उतरवून ठेवायचे आणि दुसऱ्याला लागला की त्याने त्या वहीतून कॉपी करायचा. म्हणजे लायब्ररी आली बघा! कपाटात पुस्तकं असावीत तशा वह्या.

पण वहीतला तुकडा जसाच्या तसा चालत नसे. पुढे मेमरीत प्रोग्राम ठेवणारी मशीनं आली तेव्हा तर हे फारच जाणवायला लागलं. प्रत्येक तुकडा लिहिणाऱ्याने पत्ता शून्यापासून धरलेला असायचा. तो तुकडा तुमच्या प्रोग्रामात ३०० व्या जागी बसवायचा असेल, तर त्यातल्या प्रत्येक पत्त्यात ३०० मिळवावे लागत. हाताने. आणि हॉपरबाईंचं निरीक्षण असं की प्रोग्रामर लोकांना दोन गोष्टी अजिबात येत नाहीत, नीट उतरवून काढणं आणि बरोबर बेरीज करणं. रिकाम्या जागेसाठी लिहिलेला डेल्टा उतरवताना ४ व्हायचा. बी हे अक्षर १३ व्हायचं. मूळ तुकडा शंभर टक्के बरोबर, नवा प्रोग्रामही बरोबर, आणि जोडला की मोडला. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा लायब्ररी कॉन्फ्लिक्ट तो हाच.

किड्याबद्दल एवढंच सांगते, कारण ती गोष्ट सगळीकडे चुकीची सांगतात. ९ सप्टेंबर १९४७ ला मार्क टू मशीनच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला आणि तो चिकटपट्टीने लॉगबुकात चिकटवला गेला, हे खरं आहे. पण तो हॉपरबाईंना स्वतःला सापडला नव्हता. त्यांनी ती गोष्ट रंगवून सांगितली आणि ती गाजली. बिघाडाला ‘बग’ म्हणायची पद्धत इंजिनिअरांत त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

१९४९ मध्ये त्या हार्वर्ड सोडून फिलाडेल्फियाला गेल्या, एकर्ट आणि मॉकली यांच्या छोट्याशा कंपनीत. ही कंपनी युनिव्हॅक नावाचा संगणक बांधत होती आणि तिच्याकडे पैसे कायम कमी असायचे. ते वर्ष बाईंना जड गेलं. युद्ध संपलेलं, घर मोडलेलं, हार्वर्डमध्ये पुढे जागा नाही. दारू वाढली, एकदा प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, आणि मित्रांनी स्पष्ट शब्दांत समज दिली. चौकटीतल्या चरित्रात हे नसतं. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांचं सगळ्यात मोठं काम त्याच्या नंतरचं आहे.

ऑक्टोबर १९५१ ते मे १९५२ या काळात त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. नाव ए-झीरो. कल्पना सरळ : जर कॉपी करणं आणि बेरीज करणं माणसाला जमत नसेल, तर तेच काम मशीनला द्या, ते त्याच कामासाठी तर बांधलंय! तुकडे चुंबकीय टेपवर ठेवले. प्रत्येक तुकड्याला एक नंबर. प्रोग्राम लिहिणाऱ्याने फक्त नंबरांची यादी द्यायची आणि कुठला आकडा कुठून घ्यायचा ते सांगायचं. ए-झीरो टेपवरून तो तो तुकडा शोधणार, उतरवणार, त्यातले पत्ते बदलणार, आणि सगळं एकत्र बांधून चालवण्याजोगा प्रोग्राम देणार. हे लायब्ररीतून गोळा करणं, म्हणून नाव कंपाइलर. आजच्या भाषेत सांगायचं तर तो कंपाइलर नव्हताच, लिंकर आणि लोडर होता. (न्याय म्हणून हेही सांगायला हवं की केंब्रिजला विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी एडसॅक संगणकासाठी सबरूटीनची लायब्ररी आधीच उभी केली होती आणि १९५१ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं होतं. एकट्या माणसाचा शोध असं काही नसतं.)

त्यात एक अडचण होती, आणि ती त्यांनी सोडवली ते मला सगळ्यात आवडतं. युनिव्हॅकची मेमरी १००० शब्दांची. टेप एकदाच पुढे न्यायची, मागेपुढे करत बसायला वेळ नाही. आता समजा पहिल्या तुकड्यातून पाचव्या तुकड्यावर उडी मारायची आहे. पण पाचवा तुकडा अजून टेपवरून आलाच नाही, तो कुठे बसणार हे माहीत नाही. मग उडीचा पत्ता काय लिहायचा? बाईंना कॉलेजातला बास्केटबॉल आठवला. त्या वेळी मुलींच्या नियमांत चेंडू आपटत पुढे नेत राहता येत नसे. म्हणून चेंडू दुसरीकडे द्यायचा, आपण पुढे पळायचं, आणि तिच्याकडून परत घ्यायचा. त्यांनी मेमरीच्या टोकाला एक छोटासा कोपरा राखून ठेवला. पुढची उडी असली की त्या कोपऱ्यातल्या एका ठरावीक जागेवर मारायची, आणि पाचव्या तुकड्यासाठी तिथे निरोप आहे अशी खूण करून ठेवायची. पाचवा तुकडा यथावकाश आला की तो खूण बघणार आणि कोपऱ्यातून स्वतःच्या सुरुवातीपर्यंत दुसरी उडी लिहून ठेवणार. झालं!

सिस्टिम प्रोग्रामिंगच्या ओरलला ज्यांना पीएलटी आणि जीओटी विचारतात त्यांनी हे नीट वाचा. आज तुमचा प्रोग्राम प्रिंटएफ बोलावतो तेव्हा त्याला प्रिंटएफचा पत्ता माहीत नसतो. तो एका राखीव तक्त्याकडे उडी मारतो, आणि लायब्ररी मेमरीत आल्यावर लोडर त्या तक्त्यात खरा पत्ता भरतो. १९५२ चा तो कोपराच म्हणा ना.

आता आजच्या भांडणाकडे येते. यंदा बीईच्या एका ग्रुपला प्रोजेक्टसाठी एक जुना सर्व्हर प्रोग्राम सोर्सवरून बांधायचा होता. तो ओपनएसएसएलच्या १.१ व्हर्जनसाठी लिहिलेला. लॅबच्या मशीनवर उबुंटू २२.०४, त्यात ओपनएसएसएल ३. दुसऱ्या मशीनवर बांधलेली प्रत आणून चालवली तर लोडर म्हणे १.१ ची फाइल सापडत नाही. कोणीतरी सुचवलं, ३ च्याच फाइलला १.१ चं नाव देऊन सिम्बॉलिक लिंक टाका. म्हणजे बाहेरून आलेल्या आंब्याच्या पेटीवर रत्नागिरी हापूसचा शिक्का! आपल्या गावात हे कोणाला समजावून सांगायला नको. लोडरने पेटी उघडली आणि परत केली. कारण या लायब्ररीत व्हर्जनची खूण नुसती फाइलच्या नावात नसते, आतल्या एकेका फंक्शनवर असते. पेटीवर नाही, फळावर.

मग त्यांनी १.१.१ चं सोर्स आणलं आणि प्रीफिक्स देऊन होम डिरेक्टरीतल्या वेगळ्या फोल्डरात बसवलं. सिस्टिमच्या फाइलीला हात लावायचा नाही, हे महत्त्वाचं, नाहीतर त्या मशीनवरचे बाकीचे प्रोग्राम झोपतात. ‘पीकेजी-कॉन्फिग’ला त्या फोल्डरचा पत्ता दिला, आरपाथही दिला, म्हणजे चालताना लोडर आधी तिथे बघेल. प्रोग्राम जोडला गेला, पण लिंकरने वॉर्निंग दिली की १.१ आणि ३ यांचं भांडण होऊ शकतं. ‘एलडीडी’ लावून पाहिलं तर खरंच दोन्ही आत! प्रोग्राम स्वतः १.१ मागत होता. पण तो वापरत होता ती कर्ल लायब्ररी सिस्टिमची होती, आणि तिचं नातं ३ शी. एका प्रोग्रामात एकाच लायब्ररीच्या दोन पिढ्या. कधी चालतं, कधी मधेच कोसळतं. शेवटी कर्लचंही सोर्स आणून ते १.१ वर बांधलं, तेव्हा एलडीडीच्या यादीत एकच नाव उरलं. खरा उपाय म्हणजे तो प्रोग्रामच ३ वर न्यायचा, कारण १.१.१ च्या मोफत दुरुस्त्या सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. पण सबमिशनला चार दिवस असताना कोण नेतो?

तुकडे कितीही हुशारीने जोडा, ते जोडणारे दोन्ही बाजूचे लोक आधी एका गोष्टीवर एकमत झालेले हवेत. हॉपरबाईंचा पुढचा सगळा जन्म या एकमतात गेला.

सुरुवातीला तर कंपाइलर आहे यावरच लोकांचा विश्वास नव्हता. संगणक फक्त गणित करतो, तो प्रोग्राम लिहूच शकत नाही, असं त्यांना सांगितलं जायचं. हातात चालता प्रोग्राम असून! तरीही १९५३ मध्ये ए-टू हे सुधारलेलं व्हर्जन कंपनीच्या ग्राहकांना सोर्ससकट दिलं गेलं, आणि सुधारणा सुचल्या तर पाठवा असंही सांगितलं गेलं. ‘ओपन सोर्स’ हे नाव पडायला अजून पंचेचाळीस वर्षं होती.

मग त्यांना वाटलं की धंदेवाल्या लोकांना चिन्हांपेक्षा इंग्रजी शब्द बरे. कंपाइलरला काय, इंग्रजी शब्द म्हणजेसुद्धा नुसती खूणच. हे साहेब लोकांना पटवायला त्यांनी तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्द घालून चालवून दाखवला. परिणाम उलटाच! फिलाडेल्फियात बांधलेल्या अमेरिकन मशीनला फ्रेंच-जर्मन समजतं म्हणजे काय, म्हणून व्यवस्थापन हादरलं. मग फक्त इंग्रजीच वापरायचं असं वचन द्यावं लागलं. त्यातून आली ती फ्लोमॅटिक भाषा. मराठी शब्द घालूनही ती तशीच चालली असती, हे मला वाचताना सारखं वाटत होतं.

तोपर्यंत प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं आणि प्रत्येकाची भाषा वेगळी झाली होती. आयबीएमची फोरट्रान १९५७ मध्ये आली. १९६० मध्ये मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आपल्याकडे बांधलेला टिफ्रॅक सुरू झाला. एका मशीनचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालवायचा तर बहुतेक वेळा परत लिहायचा. यावर उपाय म्हणून मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यात, पेंटॅगॉनमध्ये, कंपन्या आणि सरकारी खाती एकत्र बसली आणि त्यातून कोबोल जन्माला आली. कोबोल हॉपरबाईंनी लिहिली असं सगळे म्हणतात, पण भाषा लिहिणाऱ्या समितीत त्या नव्हत्या. त्या वरच्या समितीच्या तांत्रिक सल्लागार होत्या, आणि कोबोलवर त्यांच्या फ्लोमॅटिकची छाप स्पष्ट आहे. ६ आणि ७ डिसेंबर १९६० ला जवळपास एकच कोबोल प्रोग्राम आरसीएच्या आणि युनिव्हॅकच्या, म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवला गेला. आज यात काय मोठं असं वाटेल, पण तोपर्यंत ते कोणी असं चारचौघांत दाखवलं नव्हतं.

१९६६ च्या शेवटी नौदलाने त्यांना वयामुळे निवृत्त केलं. साठ वर्षं झालेली. सात महिन्यांनी परत बोलावलं, सहा महिन्यांसाठी म्हणून, आणि ते सहा महिने एकोणीस वर्षं चालले!

परत बोलावण्याचं कारण आपल्याच विषयातलं. कोबोल सगळ्यांची झाली खरी, पण प्रत्येक कंपनीने आपल्या कंपाइलरमध्ये आपलं थोडं मीठ-मसाला घातला. नाव कोबोलच, पण एका तळावरचा पगाराचा प्रोग्राम दुसऱ्या तळावर कंपाइल होईना. परत तोच पेटीवरचा शिक्का. हॉपरबाईंच्या गटाने यावर चाचणी प्रोग्रामांचा संच तयार केला. भाषेतली एकेक गोष्ट घ्यायची, ती वापरणारा छोटा प्रोग्राम कंपनीच्या कंपाइलरमधून काढायचा, आणि उत्तर ठरल्यासारखं येतं का ते बघायचं. नौदल मोठं गिऱ्हाईक, त्यामुळे कंपन्यांना ऐकावं लागलं, आणि पुढे ही पद्धत सरकारी खरेदीतही आली. सोर्सवरून बांधताना बऱ्याच पॅकेजात ‘मेक’नंतर ‘मेक चेक’ अशी एक पायरी असते, हॉस्टेलमध्ये ती कोणी टाइप करताना मी पाहिलेलं नाही, तिचा विचार याच घराण्यातला. लायब्ररी नुसती जोडली गेली का, एवढं पुरत नाही, जोडल्यावर ठरलेलं उत्तर देते का हे विचारायचं असतं.

त्यांच्या ऑफिसात भिंतीवर घड्याळ उलटं फिरणारं होतं. नेहमी असंच करतात, हे कारण त्यांना चालत नसे, त्याची ती आठवण. शेजारी चाच्यांचा काळा झेंडा. या झेंड्याखाली त्यांची माणसं रात्री दुसऱ्या खात्यांचं फर्निचर पळवून आणायची, असं सांगतात. १९६९ मध्ये डेटा प्रोसेसिंगवाल्यांच्या संघटनेने एक नवा पुरस्कार सुरू केला आणि पहिला हॉपरबाईंना दिला. पुरस्काराचं नाव होतं ‘मॅन ऑफ द इयर’. नाव ठेवताना कोणाच्या डोक्यातच आलं नसावं.

१९७३ मध्ये कॅप्टन, १९८३ मध्ये कमोडोर, आणि १९८५ मध्ये ते पदच रिअर ॲडमिरल झालं, म्हणून त्याही रिअर ॲडमिरल झाल्या. १४ ऑगस्ट १९८६ ला बोस्टनला ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जुन्या शिडाच्या युद्धनौकेवर त्यांचा निरोप समारंभ झाला. वय ७९. आयुष्यभर नौदलात, पण काम कायम जमिनीवर, निदान निरोप तरी जहाजावर झाला. घरी त्या बसल्या नाहीतच. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार म्हणून रुजू झाल्या आणि युनिफॉर्म घालून कॉलेजांतून व्याख्यानं देत राहिल्या.

व्याख्यानात त्या तारेचे तुकडे वाटायच्या. प्रत्येक तुकडा साधारण ३० सेंटिमीटरचा, आपल्या फूटपट्टीएवढा. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते. उपग्रहावरून संदेश यायला इतका वेळ का लागतो असं कोणा ॲडमिरलने विचारलं, की त्या तार दाखवायच्या आणि इथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील ते मोजायला सांगायच्या. मायक्रोसेकंद दाखवायला ९८४ फुटांचं एक वेटोळंच सोबत असायचं.

१ जानेवारी १९९२ ला, व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला, झोपेतच त्या गेल्या. लिनक्स तेव्हा जेमतेम चार महिन्यांचं होतं. १९९७ मध्ये हॉपर हे नाव दिलेली एक डिस्ट्रॉयर अमेरिकन नौदलात दाखल झाली, २०१६ मध्ये मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्य पदक मिळालं, आणि २०१७ मध्ये येलने आपल्या एका निवासी कॉलेजचं जुनं नाव काढून त्यांचं नाव लावलं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे तो पतंग चिकटवलेलं लॉगबुक आहे, आणि वाटता वाटता उरलेल्या तारांचा एक जुडगाही.